नंदाखालचे पाच ओहम

चिंचवड, पुणे
१४ जून १९९९

प्रिय आग्नेस मावशी,

हे पत्र घरचं नाही, कामाचं आहे. तेव्हा खरं तर 'आदरणीय बाई' असंच लिहायला हवं होतं. दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. शाळेत तुला बाई म्हणताना जीभ अडखळायची आणि घरी मावशी म्हणताना छडी आठवायची, ती गत अजून आहे.

सोबतचं पार्सल जपून उघड. आत साबणाच्या डबीएवढी पेटी आहे. म्हणजे साबणाचीच डबी आहे ती, घाऊक बाजारात मिळाली. हिचं नाव मी मापपेटी ठेवलंय. दोन वायरी लावल्या की व्होल्ट दाखवते, बटण फिरवलं की अँपिअर, आणि सळई पाण्यात बुडवली की तापमान. सगळं आकड्यांत, दशांशासकट. बाजारातलं डिजिटल मीटर शाळेला एक घ्यायचं म्हटलं तरी हेडसरांना घाम फुटतो. माझी पेटी चारशे रुपयांच्या आत बसते, म्हणजे चार मुलांमागे एक देता येईल. आम्ही चौपन्न जण एका अमीटरभोवती उभे असायचो, आठवतं? दहावीच्या सबंध वर्षात मला काटा दोनदा दिसला. बाकी वेळ मी पुढच्याची मान पाहिली.

नोकरी सोडल्याचं आईनं तुला सांगितलंच असेल, आणि रडत सांगितलं असेल. तिला सांग, मी जेवतो.

आता मुद्दा. तुमच्या पाच शाळांच्या प्रयोगशाळा समितीची बैठक जानेवारीत आहे. अध्यक्ष प्लासिड सर. मी त्यांना भेटून आलो. त्यांनी पेटी तळहातावर घेतली आणि म्हणाले, "हलकी आहे." मग म्हणाले, "आग्नेस बाईंनी लिहून दिलं की ही बरोबर मोजते, तर मी डोळे मिटून मंजुरी देतो." मावशी, मला ती एक ओळ हवी आहे. 'ही पेटी बरोबर मोजते', खाली तुझी सही आणि शाळेचा शिक्का. मिळाली तर पाच शाळांत मिळून साठ पेट्या जातील. नाही मिळाली तर माझा हा धंदा इथेच आटोपला, मी पुन्हा कुणाच्या तरी दारात अर्ज घेऊन उभा. आणि मे महिन्यात तू रिटायर झालीस की तुझ्या सहीला विचारतो कोण? हे प्लासिड सरांचे शब्द आहेत, माझे नव्हेत.

तुझा,
कॉन्रॅड


नंदाखाल
५ जुलै १९९९

चि. कॉन्रॅड,

येशू तुझं भलं करो. तुझ्या पेटीच्या हातून ते होईलसं दिसत नाही.

पार्सल मिळालं. डबीला अजून साबणाचा वास येतो, त्याबद्दल तक्रार नाही, आमच्या प्रयोगशाळेत तेवढी एकच गोष्ट स्वच्छ आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि ज्युलियस बसलो. ज्युलियस म्हणजे आमचा प्रयोगशाळेचा शिपाई, अर्नाळ्याचा, तू गेल्यानंतर लागलेला. आधी तापमान पाहिलं. "बाई, पानी उकळलं, आता काय लिवायचं?" म्हणाला. पेटीवर ९९.७. मी म्हटलं, शंभर लिही. इथपर्यंत मी समजून घेतलं.

मग ओहमचा नियम. आपली ती पाच ओहमची कॉईल काढली, लाकडी फिरकीवर तार गुंडाळलेली, जिच्यावर तू स्वतः दहापैकी दहा मिळवलेस. बॅटरी जोडली, व्होल्ट पाहिले, अँपिअर पाहिले, भागाकार केला. सात पूर्णांक तीन! पुन्हा केलं, पुन्हा सात पूर्णांक तीन. अरे, ज्या कॉईलनं एकोणतीस वर्षांत एकदाही मान खाली घालायला लावली नाही, तिचं तुझ्या डबीनं दीडपट करून ठेवलं!

जुन्या अमीटरचं कसं असतं, काटा जरा आळशी असतो. काचेवर एक टिचकी मारली की येतो जागेवर. दुसरी मारली की आणखी येतो. पाच ओहमला जिथं यायला हवा तिथं आला की थांबायचं. मी प्रत्येक बॅचला हेच शिकवलं, की टिचकी मारल्याशिवाय काटा खरं बोलत नाही. तुझ्या पेटीलाही टिचकी मारून पाहिली. आकडा ढिम्म हलत नाही. ज्युलियसनं तर टेबलावर आपटूनही पाहिली (रागावू नकोस, फुटली नाही, ही तिची जमेची बाजू).

पेटी परत पाठवते आहे. नीट करून धाड. सही मी खुशीनं देईन, पण खोट्यावर देणार नाही. भाचा असलास तरी.

आणि फोन करू नकोस. फोन शेजारी एडवर्डच्या दुकानात आहे, तिथं चार माणसांत मला नीट भांडता येत नाही.

तुझी,
आग्नेस मावशी


चिंचवड
२२ जुलै १९९९

प्रिय मावशी,

पेटी उघडून पाहिली. इथल्या एका कॉलेजच्या मोठ्या मीटरशी ताडून पाहिली. फरक आहे, पण हजारात दोनाचा. तरी तुझ्या समाधानासाठी नवीन बनवलेली दुसरी पेटी पाठवतोय. ही कॉलेजवाल्यांनी सही करून दिलेली आहे.

मावशी, रागावणार नसशील तर एक विचारतो. चूक कॉईलमध्ये तर नसेल? जुनी आहे. तार बदलते, गंजते. मी नुसतं विचारतोय.

कॉन्रॅड


नंदाखाल
११ ऑगस्ट १९९९

चि. कॉन्रॅड,

मी रागावलेले आहे.

तुझी दुसरी पेटी पहिलीची सख्खी बहीण निघाली. सात पूर्णांक तीन. कॉलेजची सही पाहिली. त्या सहीखाली शिक्का वाकडा आहे, त्यावरूनच काय ते कळलं.

कॉईल चुकीची? त्या कॉईलवर माझ्या पहिल्या बॅचपासून मुलं पास झाली आहेत. डॉक्टर झाली, फादर झाली, एक तर कुवेतला वीज केंद्रात आहे. दरवर्षी पन्नास जर्नलं, सगळ्यांत पाच पूर्णांक शून्य. इतकी माणसं एका वेळी चुकतात होय रे? मी पुन्हा कपाट उघडून तिला नीट बघून घेतलं. तार घट्ट, फिरकी शाबूत, वर माझ्या अक्षरातली '५ ओहम'ची चिठ्ठी. चिठ्ठीचे कोपरे तेवढे झुरळांनी खाल्लेत. गंमत म्हणजे कपाटातल्या दुसऱ्या एकाही चिठ्ठीला झुरळ लागलेलं नाही, हिच्यावरच त्यांचं काय प्रेम आहे देव जाणे.

आता ऐक. हा सात पूर्णांक तीन मला कुठंतरी भेटलेला वाटत होता, काल आठवलं. एक्याण्णवच्या बॅचला ॲनिशा लोपीस म्हणून एक मुलगी होती. हुशार, पण हट्टी. टिचकी मारायची नाही म्हणे, काटा आपोआप थांबेल तिथंच वाचणार. तिनं जर्नलात लिहिलं, ७.३. मी म्हटलं, पुन्हा कर. पुन्हा ७.३. तिसऱ्यांदा तेच, आणि वर सगळ्या वर्गासमोर मला म्हणते, "बाई, कॉईलच चुकीची असेल." शब्दन् शब्द तुझाच! मी पानभर लाल फुली मारली आणि दहापैकी शून्य दिले. चौथ्यांदा बरोबर पाच आले. पोरगी सुतासारखी सरळ झाली. पुढं सायन्सला न जाता कॉमर्सला गेली. मी म्हटलं, बरं झालं, ज्याला स्वतःची चूक दिसत नाही त्याला विज्ञान कशाला हवं?

सांगायचं कारण, तुझी चूक काही नवी नाही. चुकणारे सगळे त्याच जागी चुकतात. तेव्हा भाषण न देता पेटी दुरुस्त कर. जानेवारी काही तुझ्यासाठी थांबणार नाही.

आग्नेस मावशी


चिंचवड
१९ सप्टेंबर १९९९

प्रिय मावशी,

उशीर झाला, क्षमा कर. तुझंच बरोबर होतं. आत एक बारीक स्क्रू असतो, तो नीट बसला नव्हता. आता बसवला आहे. तिसरी पेटी सोबत आहे. तुझ्या कॉईलला लावून बघ.

पावसानं केळी पडल्याचं आईनं लिहिलंय. तुमच्या वाडीतलं काय?

कॉन्रॅड


नंदाखाल
८ ऑक्टोबर १९९९

चि. कॉन्रॅड,

शाब्बास! माझा शहाणा बाळ तो!

पाच पूर्णांक शून्य शून्य. दुसऱ्यांदा पाच पूर्णांक शून्य एक. टिचकीसुद्धा लागली नाही. ज्युलियस म्हणाला, "बाई, आता पेटीला अक्कल आली." हेडसरांना बोलावून दाखवलं, त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. प्लासिड सरांनाही निरोप धाडला. ते म्हणाले, आग्नेस बाईंच्या हाताखालून गेलं की यंत्रसुद्धा वळणावर येतं. जरा जास्तच बोलतात ते, पण मी अडवलं नाही.

तुझी ओळ लिहून देईन, सही-शिक्क्यासकट, दिवाळीची सुट्टी संपली की. तोवर पेटी मी घरी आणली आहे. खोटं कशाला बोलू, मला तिची गोडी लागली आहे. सकाळी चहा मोजला, कपात ओतल्यावर ७१.४. विहिरीचं पाणी २६.८, पाटाचं २८.१. इतकी वर्षं शिकवलं, पण 'किती असेल बरं?' असं मनात येऊन काही मोजलं होतं का मी कधी? आठवत नाही. जे मोजलं त्याचं उत्तर पुस्तकात होतंच. चहाचं कुठं होतं?

केळी चाळीस पडली. बाकी बरं.

तुझ्यावर खूष असलेली,
आग्नेस मावशी


चिंचवड
२८ नोव्हेंबर १९९९

प्रिय मावशी,

हे पत्र मी ऑगस्टमध्येच लिहायला हवं होतं. तुझं चहाचं पत्र वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही, म्हणून आज बसलो. सगळं वाचून मगच फाड.

जानेवारी ब्याऐंशी. तू दोन दिवस शिबिराला गेली होतीस आणि प्रयोगशाळेची किल्ली तुमच्या घरी खुंटीवर होती. तार लाल होते का ते मला बघायचं होतं. मी पप्पांच्या स्कूटरची बॅटरी काढून नेली आणि पाच ओहमच्या कॉईलला सरळ जोडली. तार लाल झाली, मावशी. मग काळी झाली. मग वास आला आणि तुटली.

मी घरी पळालो. आईची मोडकी इस्त्री माळ्यावर होती, तिच्यातली तार काढली, फिरकीवर मावेल तितकी गुंडाळली. मावेल तितकी, मोजून नाही. तुझी चिठ्ठी जपून सोडवून घेतली होती, ती भाताच्या शितांनी चिकटवली. बाकीच्या चिठ्ठ्या तू लाखेनं लावल्या होत्यास, म्हणून झुरळांना हीच आवडते.

दुसऱ्या दिवशी तू तोच प्रयोग घेतलास. मी मागच्या बाकावर मरणाची वाट पाहत बसलो होतो. चौपन्न मुलांनी कॉईल मोजली. चौपन्न जणांचं उत्तर पाच आलं. मीही पाच लिहिलं आणि तू मला दहापैकी दहा दिलेस. त्या दिवशी मी सुटलो आणि मला कळलं की इथं कुणीच मोजत नाही. पेटी बनवायचं वेड तिथूनच लागलं असेल, पण हे कुणाला सांगायची सोय आहे का?

पुढचं याहून वाईट आहे. तुझं पत्र आलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, ॲनिशाचंही. ती मुलगी बरोबर होती. तरी मी कबूल झालो नाही. उलट स्क्रू फिरवून तिसरी पेटी मुद्दाम बिघडवली, तुझ्या कॉईलवर पाच दाखवावेत म्हणून. ती व्होल्ट कमी दाखवते. चांगल्या दोन पेट्यांना तू खोटं म्हणालीस, आणि एका खोट्या पेटीला शाब्बास. मला ते ऐकायला गोड वाटलं, याची लाज वाटते.

सही देऊ नकोस.

कॉन्रॅड


नंदाखाल
२८ नोव्हेंबर १९९९

कॉन्रॅड,

चिरंजीव वगैरे आज लिहीत नाही.

सुट्टीत मापायला घरातलं काही उरलं नाही, तेव्हा टॉर्चचे सेल मोजले. दीड व्होल्ट असायला हवेत. पेटीवर १.०६. एडवर्डच्या दुकानात जाऊन भांडले, जुना माल विकतोस म्हणून. त्यानं नवे दिले, तेही १.०६. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "बाई, टॉर्च पेटते ना? मग अजून काय करावं तिनं?" पाच गिऱ्हाइकं उभी होती. सगळी माझे माजी विद्यार्थी, सगळी माझ्याच बाजूची. बिचारा एडवर्ड!

मग मी टीव्ही दुरुस्तीवाल्या फेबियनकडे गेले. त्याच्या मीटरवर सेल १.५५. मी पिशवीतून कॉईल काढून त्याच्यासमोर ठेवली. सात पूर्णांक तीन. म्हटलं, टिचकी मार. तो माझ्याकडे बघतच राहिला.

म्हणजे तू स्क्रू बसवला नाहीस, फिरवलास. मला खूष करायला तू पेटीला खोटं बोलायला शिकवलंस. आणि मी ढोल वाजवला! अशाच साठ पेट्या पाठवणार होतास का? प्रत्येक शाळेला विचारून, की बाई तुम्हाला किती हवंय?

कॉईल कशी बिघडली ते मला अजून समजलं नाही. कुणीतरी उद्योग केलेला दिसतो. पण ती बिघडली हे एका मुलीला कळलं होतं आणि मी तिला उभी करून गप्प केलं. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेत 'माझ्या अपराधामुळे' म्हणत छातीवर हात मारते, जन्मभर मारते आहे. आज पहिल्यांदा कशासाठी मारते ते ठाऊक होतं. फार लागलं रे.

आग्नेस


चिंचवड
६ डिसेंबर १९९९

प्रिय मावशी,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. 'कुणीतरी उद्योग केलेला दिसतो' हे वाचून मी खुर्चीवरून उठलो. एव्हाना तो उद्योगी कोण ते तुला कळलं असेल.

चौथी पेटी पाठवतोय, बरोबर मोजणारी. स्क्रूवर लाख ओतली आहे, मलाही तो आता फिरवता येणार नाही.

सोबत पुठ्ठ्याच्या खोक्यात एक नवी कॉईलही आहे. खरी पाच ओहमची, तशीच लाकडी फिरकी. तुझी चिठ्ठी हिच्यावर लाव आणि जुनी आमच्या वाडीतल्या विहिरीत टाक. कुणाला कळणार नाही. बैठकीत पेटी बरोबर, कॉईल बरोबर, तू बरोबर. यात खोटं काहीच नाही, आता सगळं खरंच असेल. रिटायर व्हायला पाच महिने राहिलेत. तुझं नाव या वयात माझ्यामुळे जाऊ नये.

सही द्यायची की नाही ते तूच ठरव. मी मागत नाही. (मनातून मागतोय, हे तुला दिसतंच.)

नाताळला यायला तोंड नाही.

कॉन्रॅड


नंदाखाल
२३ जानेवारी २०००

चि. कॉन्रॅड,

नाताळला आला नाहीस. तुझ्या वाटणीच्या करंज्या ज्युलियसनं खाल्ल्या. तोंड नव्हतं म्हणे! स्कूटरची बॅटरी पळवताना बरं होतं.

तुझी नवी कॉईल देखणी आहे. चिठ्ठीला लाख लावून मी दोन दिवस तिच्याकडे बघत बसले. तू लिहिलंस त्यात चूक काढता येईना. चिठ्ठी लावायची आणि गप्प बसायचं, इतकंच होतं. पण मग त्या पाच ओहमला मी मुलांना काय म्हणून मोजायला लावणार? उत्तर तर पुन्हा आधीच ठरलेलं. शेवटी बैठकीला दोन्ही कॉईली घेऊन गेले.

बुधवारी बैठक झाली. पाच शाळांचे पाच जण, मधे प्लासिड सर. मी जुनी कॉईल ठेवली, तुझी पेटी लावली, ७.३ दाखवले आणि सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, 'एका विद्यार्थ्यानं' म्हटलं. अठरा वर्षं आमच्या शाळेत कुणी मोजलं नाही आणि जिनं मोजलं तिला मी शून्य दिले, हेही सांगितलं. म्हटलं, ही पेटी बरोबर आहे, घ्या.

मग प्लासिड सरांनी विचारलं, "बाई, त्या अठरा वर्षांच्या जर्नलांवर तपासणीच्या सह्या कुणाच्या आहेत?" सह्या त्यांच्याच, दरवर्षी बाहेरचे परीक्षक म्हणून तेच येत. आगाशीकडच्या शाळेचे सर घाईघाईनं म्हणाले, "आमच्याकडच्या कॉईली मोजायची काही गरज नाही हां." पाचहीजणांच्या मनात आपापलं कपाट आलं असणार. चहा आला, बिस्किटं आली, आणि ठराव झाला. शब्द असे : 'उपकरण उत्तम व स्वस्त आहे, तथापि विद्यार्थ्यांच्या मनात गोंधळ निर्माण होण्याचा संभव असल्याने तूर्त घेऊ नये.' जुनी कॉईल उज्ज्वल परंपरा लक्षात घेऊन वापरात राहील.

थांब, संपलं नाही. वाचलेल्या रकमेतून एक 'आदर्श जर्नल' छापायचं ठरलं, सर्व प्रयोग, सर्व उत्तरांसह. लेखिका आग्नेस बाई. मी उभी राहून म्हटलं, मी लिहिणार नाही, मला लाज वाटते. प्लासिड सर बाकीच्यांना म्हणाले, "विनय बाईंच्या अंगात मुरलाय." आणि टाळ्या वाजवल्या.

साठ पेट्या गेल्या, बाळा. चूप बसले असते तर मिळाल्या असत्या. तुझ्या आईला काय सांगू ते अजून सुचलेलं नाही.

शनिवारी मी पापडीला गेले. ॲनिशाला तिथं दिलंय. लाल शाईचं पेन, पेटी आणि जुनी कॉईल पिशवीत घातली होती. मनात होतं, तिचं जर्नल मागायचं, माझी फुली खोडायची, दहापैकी दहा लिहून आजच्या तारखेची सही करायची. तिनं दारातच "अगं बाई, बाई तुम्ही!" म्हणून मिठी मारली. नारळाची वडी दिली. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ती हसायला लागली. म्हणाली, "जर्नल कधीच रद्दीत गेलं हो बाई. मला तर आठवतसुद्धा नाही." आठवत होतं. वडीची बशी तिनं दोनदा पुसली.

वसई पूर्वेला एका रंगाच्या कारखान्यात आहे. भरलेले डबे काट्यावर ठेवून वजन वहीत लिहायचं, हे तिचं काम. सहा वर्षं झाली, साहेब फार खूष. म्हटलं, हे बरं आहे, मोजायचंच काम मिळालं तुला. म्हणाली, "मोजायला कशाला लागतंय बाई? सकाळी साहेबांना विचारून घेते, आज किती लिहायचं ते. एकदाही चूक निघाली नाही माझी."

हे मोठ्या अभिमानानं सांगितलं रे तिनं! माझ्याकडूनच शिकली, असंही म्हणाली.

मी पिशवीतून कॉईल काढली आणि म्हटलं, एकदा मोज, माझ्यासाठी. तिला काही सांगावं लागलं नाही. वायरी बरोबर जोडल्या, वाकून आकडे पाहिले, मनातल्या मनात भागाकार केला. ओठ हलले ते मी पाहिलं, सात पूर्णांक तीन. चेहरा क्षणभर असा उजळला, एक्याण्णव सालचा. कागद पुढं ओढला, माझं लाल पेन उचललं. मग वर बघून विचारते, "किती लिहू, बाई?"

मला रडू आलं. तिला वाटलं, वय झालं बाईंचं. पाणी आणून दिलं.

तिचं जर्नल नाही, म्हणून सही तुझ्या कागदावर केली आहे. सोबत जोडते. हेडसरांनी शिक्का दिला नाही, ठराव झालाय म्हणाले. कुठल्या शाळेत चालेल ते मला ठाऊक नाही, बहुधा कुठंच नाही. तू मागितलेली ओळ मी लिहिली, आणि खाली एक माझी.

'ही पेटी बरोबर मोजते.
मी एकोणतीस वर्षं मोजलं नाही.

आग्नेस डाबरे
विज्ञान शिक्षिका'